अडतीस बिनखुणांचे पाव

ईस्टरआधीच्या रिवाजाप्रमाणे गुरुवारपासून गावातल्या देवळाच्या घंटा मुक्या होत्या, आणि शनिवारी सकाळी गिरणी आळीतल्या बायकांनी त्यांची सगळी कसर भरून काढायचं ठरवलेलं दिसत होतं. सामाईक भट्टीच्या दारापासून थेट कातड्यांच्या हौदापर्यंत रांग लागली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर फळी, फळीवर फडक्याखाली टम्म फुगलेला ईस्टरचा पाव, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. चाळीस दिवसांचा उपास संपत आला होता. चाळीस दिवस अंडं नाही, लोणी नाही, चरबी नाही. कोंबड्यांना मात्र उपास कळत नाही, त्या आपल्या घालतच राहतात. घरोघरी टोपल्या भरल्या होत्या आणि आज ती सगळी अंडी कणकेत उतरली होती.

"माझ्या पावात वीस आहेत," कातडीवाल्याची क्लेमांस म्हणाली.

"वीस? मग पीठ घातलंस की विसरलीस?" मागून जिलेतनं विचारलं. "आणि तू माझ्या पुढे कधी आलीस गं? मघाशी तर मागे होतीस."

"मी पहिल्यापासून इथंच आहे."

सिबिला रांगेत शेवटून दुसरी होती. तिच्या पावात चोवीस अंडी होती, पण ती बोलली नाही. पुलावरच्या खानावळीची मालकीण चोवीस अंडी घालणार नाही तर कोण घालणार? आज तिला अंड्यांचं कौतुक नव्हतं. दुपारच्या आत ही भट्टी एक तर तिच्या पुतणीची होणार होती, नाही तर तिच्या नवऱ्याची.

भट्टी मठाची. ती सांभाळायचा मान गार्नियेच्या घराण्याकडे तीन पिढ्यांचा. पण आयुष्यभर निखाऱ्यांत बघून बघून गार्नियेचे डोळे दुधाळले आणि गेल्या उन्हाळ्यात पार विझले. त्यात हिवाळा लागता लागता त्याची बायको एमलीन गेली. मुलगा नाही; एकच मुलगी, पेरोनेल, चोविशीची, अजून लग्न न झालेली. धाकटा भाऊ थिबो, म्हणजे सिबिलाचा नवरा, मठात जाऊन म्हणाला, एकट्या पोरीच्या हाती भट्टी कशी द्यायची, मी आहे ना. मठाच्या कोठीवर असलेले ब्रदर ओडिलो हुशार. त्यांनी जुना रिवाज पुढे केला: ईस्टरचे पाव पेरोनेलनं भाजायचे. पाव वाटून झाले की दारात उभं राहून तीनदा विचारायचं, कुणाची तक्रार आहे का? आळीतून एकही तक्रार आली नाही तर किल्ली तिची. एक जरी आली तरी थिबोची.

"डोळे उघडे ठेव," थिबो सकाळी सिबिलाला म्हणाला होता. तो काही वाईट माणूस नव्हे. हसतमुख, सढळ हाताचा, कणकेच्या जाड पारीत मांस नाही तर मासा भरून भाजलेले त्याचे पास्ते घ्यायला दोन दोन गावांचे गाडीवान पुलावर थांबत. पण खानावळीतली भट्टी केवढी, तर एका वेळी आठ पास्ते मावतील एवढी. मठाच्या या भट्टीत ऐंशी मावले असते.

आणि सिबिलाला काय हवं होतं? तिला पास्ते नको होते. तिला हे दार हवं होतं.

लग्न होऊन ती याच घरात आली होती. दोन वर्षं थोरल्या जाऊबाईंच्या मागे याच दारात उभी राहिली. आळीतली प्रत्येक बाई आठवड्यातून दोनदा इथं यायची, फळी द्यायची आणि फळीबरोबर मनातलंही उतरवून ठेवायची. मग थिबोनं पुलावर खानावळ काढली आणि सिबिलाची वीस वर्षं चरबीच्या धुरात खिडकीशी गेली. खिडकीशी कोण येतं? परकी माणसं येतात, खातात, बोटं चाटतात, जातात. वीस वर्षांत एकानंही तिला विचारलं नव्हतं की बाई, तुमची कंबर कशी आहे.

रांग पुढे सरकली. दारात पेरोनेल उभी होती, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कपाळावर पिठाचा पट्टा. आत भट्टीच्या तोंडाशी तिवईवर गार्निये बसला होता. त्यानं मूठभर पीठ भट्टीच्या तळावर फेकलं आणि नाक पुढे केलं.

"अजून कडक आहे," तो म्हणाला. "एक ओला पोछा मार आणि मग भर."

क्लेमांसनं फळी पुढे केली. पावावर सुरीनं कापलेली तिच्या घराची खूण होती, दोन रेघा आणि एक टिंब. पेरोनेलनं पाव बघितला, फळी आत घेतली.

"यंदा नक्षी नाही वाटतं?" क्लेमांस म्हणाली.

"नाही."

"बरोबर आहे बाई. दुखवट्याचं वर्ष. नक्षी कसली काढायची."

तिचा मोठा आवाज मागे रांगेच्या टोकापर्यंत पोचला आणि सिबिलाच्या डोक्यावरची फळी हलली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली.

कारण ती नक्षी नव्हती. आळीतल्या अडतीस घरांत हे एकट्या सिबिलाला माहीत होतं. रोजचा पाव घट्ट कणकेचा. त्यावर सुरीनं खूण कापली की भाजल्यावरही ती तशीच राहते, आणि ज्याचा पाव त्याला मिळतो. ईस्टरचा पाव वेगळा. अंड्या-लोण्यानं सैल झालेली ती कणीक भट्टीत गेली की अशी वर येते, की सुरीचा छेद मिटून जातो, नावालासुद्धा उरत नाही. म्हणून एमलीन दरवर्षी या दिवशी नुसत्या पीठ-पाण्याची घट्ट कणीक वाडग्यात घेऊन दारात उभी राहायची. बायका फळी पुढे करायच्या, ती गप्पा मारता मारता त्या कणकेची वळी वळायची आणि त्यांच्याच खुणेवर बोटानं पाणी लावून चिकटवायची. पाव तांबूस व्हायचा, वळी पांढरी राहायची. बायकांना वाटायचं, सणाची नक्षी काढते, हौशी आहे. सिबिलानंच एकदा विचारलं होतं, तेव्हा जाऊबाई हसून म्हणाल्या होत्या, "हौस कसली? हे नाही केलं तर दुपारी इथं डोकी फुटतील."

तिची पाळी आली. पेरोनेलनं फळीला हात लावला आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं, "काकू, मी बरोबर करत्येय ना? आई नक्षी काढायची ती मी यंदा सोडली. अजून सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. लोक काय म्हणतील असं वाटलं."

एवढंच. एका वाक्याचं काम होतं. मूठभर पीठ, ओंजळभर पाणी, आणि पेरोनेलनं स्वतः वाडगं घेऊन उभं राहायचं. अजून सगळे पाव फळ्यांवर होते, एकही आत गेला नव्हता.

"तुझ्या मनाला पटेल तसं कर," सिबिला म्हणाली. "नक्षीवाचून काय अडतंय?"

पेरोनेलचा चेहरा मोकळा झाला. तिनं सिबिलाचा पाव उचलून आत नेला, आणि सिबिलाच्या मागे शेवटी उभी असलेली म्हातारी बर्तराद आपली छोटीशी फळी छातीशी धरून पुढे आली.

"माझ्या दोनच कोंबड्या," ती प्रत्येक वर्षीप्रमाणे म्हणाली. "तीनच अंडी निघाली गं. बाकीची कोल्ह्यानं नेली. संत व्हिन्सेंटला सांगितलंय मी, यंदा तरी माझा पाव चारचौघींसारखा फुगू दे."

"फुगेल, आजी," पेरोनेल म्हणाली.

मग दार लोटलं गेलं आणि आतून फावड्याच्या लांब दांड्याचा आवाज येऊ लागला, सरक, ठक, सरक, ठक. पाव एकेक करून आत जात होते.

बाहेर जत्रा भरली. ज्यांनी चाळीस दिवस खारवलेला मासा आणि वाटाण्याची पेज खाल्ली आहे, त्यांच्या नाकाशी लोण्याचा पहिला वास आला की काय होतं ते सांगून कळायचं नाही. पोरं दाराच्या फटीला नाक लावून उभी राहिली. पुरुषांना एकाएकी या आळीत कामं निघाली. न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला, त्याचं गिऱ्हाईक अर्धी दाढी करून त्याच्या मागे. थिबो आला तो टोपलीभर वाम माशाचे पास्ते घेऊन, उपासाला चालणारे, आणि पहिला गरम पास्ता त्यानं ब्रदर ओडिलोंच्या हातात ठेवला.

"मिरी जरा जास्त आहे," ब्रदर ओडिलो खाता खाता म्हणाले.

"थंडीला बरी."

"मासा ताजा नसला तरी बरी." ब्रदरांनी बोटं पुसली. कमरेला दोरीनं बांधलेली भट्टीची किल्ली त्यांच्या प्रत्येक हालचालीसरशी वाजत होती.

थिबो सिबिलापाशी येऊन उभा राहिला. "काय?"

"काय काय?"

"काही चुकलं?"

सिबिलानं नवऱ्याकडे बघितलं. तिला सांगायची गरज नव्हती, पण आनंद पोटात मावेना. "तुम्ही जाऊ नका कुठं," ती म्हणाली. "गंमत होणार आहे."

आणि खरंच सांगायचं तर त्या घटकेला तिला मनापासून मजा वाटत होती. या दारात आपण उभ्या आहोत, क्लेमांस आपल्याला मुलीच्या सासूच्या कागाळ्या सांगते आहे, जिलेत कंबर विचारते आहे, हे सगळं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. तिनं मनातल्या मनात दाराला नवा रंगसुद्धा देऊन टाकला.

दार उघडलं. वासाचा असा लोट बाहेर आला की बायका एक पाऊल मागे सरल्या. आतल्या लांबलचक फळीवर अडतीस पाव ओळीनं मांडलेले होते. पाव कसले, उशाच त्या. तांबूस, चकचकीत, एकाहून एक उंच. त्या भट्टीतून असं काही कधी निघालं नव्हतं असं गार्नियेच्या आजोबांच्या वेळची माणसंही म्हणाली असती.

मग जिलेत म्हणाली, "माझा कुठला?"

बायका पुढे सरसावल्या. वाकल्या. एकीनं पाव फिरवून बघितला, दुसरीनं फडक्यानं त्यावरचं पीठ झटकलं. कुठं कुणाच्या घराची खूण नाही, रेघ नाही, टिंब नाही, मासा नाही, चावी नाही. सगळे गुळगुळीत.

पेरोनेल फावडं धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत चालला होता. गार्निये तिवईवरून उठला, चाचपडत आला, आणि पहिल्या पावावरून त्यानं तळवा फिरवला. मग दुसऱ्यावरून. मग तिसऱ्यावरून.

"खुणा कुठं गेल्या?" तो म्हणाला. "असं कधी झालं नाही. तीस वर्षं मी ईस्टर भाजतोय. खुणा असायच्याच. भट्टी काय कडक झाली? नाही, भट्टी बरोबर होती. मग खुणा कुठं गेल्या?"

सिबिला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला आधी वाटलं, म्हातारा नाटक करतोय. मग तिनं त्याची बोटं बघितली, पावावर पुन्हा पुन्हा फिरणारी, आणि तिच्या लक्षात आलं की याला माहीतच नाही. तीस वर्षं बायको पाच हात अंतरावर उभी राहून जे करत होती ते या माणसानं कधी मान वळवून बघितलं नव्हतं. तो आगीकडे बघत होता. आळी पावाकडे बघत होती. जाऊबाईंकडे कुणीच बघत नव्हतं, एक सिबिला सोडली तर.

मजा तिथं ओसरायला लागली.

"सगळ्यांनी ऐका," पेरोनेल म्हणाली. आवाज कापत होता पण मोठा होता. "खुणा मिटल्या. चूक माझी आहे, कशी झाली ते मला कळलेलं नाही. पण मी पाव रांगेच्या क्रमानं आत भरले आणि त्याच क्रमानं फळीवर मांडलेत. पहिले चोवीस तसेच आहेत. भट्टीच्या तोंडाशी आच कमी होती म्हणून शेवटचे चौदा मी मध्येच हलवले, त्यांचं नंतर बघू. आधी सांगा, रांगेत पहिलं कोण होतं?"

"मी," न्हाव्याची बायको म्हणाली.

"दुसरं?"

अशा रीतीनं सुरू झालं, आणि मग जे झालं त्याची आठवण काढून आळी पुढे कितीतरी वर्षं हसणार होती. कारण रांगेचा क्रम सांगायचा म्हणजे रांगेत कोण घुसलं तेही सांगायचं. नववा पाव आला आणि क्लेमांस गप्प.

"नववी मी होते," जिलेत म्हणाली. "पण हा पाव माझा नाही. माझा उंच होता."

"मग घे की पुढचा."

"पुढचा घेईन, पण तू कबूल कर की तू माझ्या पुढे घुसलीस."

"मी कुठं घुसले?"

"मग तू माझ्या मागेच होतीस. हा नववा माझा आणि पुढचा तुझा. घे. बघ जरा, खाली करपलाय."

क्लेमांसनं दोन्ही पाव बघितले. तिच्या वीस अंड्यांचा पाव नवव्या जागी सोन्यासारखा चमकत होता. तिनं ब्रदर ओडिलोंकडे चोरून बघितलं, मग आढ्याकडे. "घुसले असेन," ती म्हणाली. "गर्दीत कळतं का?"

हशा पिकला. ब्रदर ओडिलोसुद्धा हसले, आणि पेरोनेलच्या ओठांच्या कोपऱ्यातही काहीतरी हललं. पाव भराभर जाऊ लागले. पाव मिळालेली बाई तो कुशीत घेऊन बाजूला उभी राहत होती आणि पुढची गंमत बघत होती. कुणी घरी जायला तयार नव्हतं.

चोवीस संपले. उरलेल्या चौदांपाशी पेरोनेल थांबली. तिनं एक पाव उचलला, खालून बघितला, आणि तिचे डोळे एकदम चमकले.

"बाबा, हात द्या."

गार्नियेनं तळाशी बोटं फिरवली, मग पाव नाकाशी नेला. "वाटाण्याचं पीठ," तो म्हणाला. "फळीवर वाटाण्याचं पीठ कोण पसरतं?"

"आम्ही," दोन आवाज आले.

"एकीच्या फळीला मधोमध गाठ आहे. इथं खड्डा पडलाय."

"ती मी," विणकराची बायको पुढे आली. "नवऱ्याला शंभरदा सांगितलं, फळी बदल म्हणून."

कुणी पावाखाली कोबीचं पान घालत असे, त्याच्या शिरा पावाच्या बुडाला उमटल्या होत्या. कुणी गवताच्या चटईवर कणीक ठेवायची. कुणाच्या पावाला राखच चिकटली होती, त्या बाईनं मान खाली घालून पाव घेतला. म्हातारा बोटांनी वाचत होता आणि मुलगी नावं पुकारत होती. बाप-लेकीचा हात असा जमला होता की जमलेले लोक प्रत्येक पावाला ओरडून दाद देत होते. सिबिलाला हसू आवरेना. पोर अवघड जागी अडकली होती आणि तिनं स्वतःच्या अकलेनं वाट काढली होती. कोण म्हणतं हिला भट्टी सांभाळता येणार नाही? आणि हे मनात आल्याबरोबर तिला आठवलं की ती पोर बुडावी म्हणून आपण उभ्या आहोत.

शेवटी फळीवर दोन पाव राहिले. दोन्हींच्या बुडाला कोंडा. एक चोवीस अंड्यांचा, फुगून वर आलेला. दुसरा तीन अंड्यांचा, मुठीएवढा, कडक, फिकट.

सिबिला काही बोलायच्या आत म्हातारी बर्तराद पुढे झाली होती. तिनं मोठा पाव दोन्ही हातांनी उचलला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ऐकलं," ती म्हणाली. "संतानं ऐकलं माझं. बघा गं. तीन अंड्यांत केवढा फुगला."

लोक टाळ्या वाजवू लागले. जिलेतनं डोळे पुसले. पेरोनेल मात्र म्हातारीकडे बघत नव्हती. ती सिबिलाकडे बघत होती.

ब्रदर ओडिलो दारात आले. त्यांनी दोरीची गाठ सोडली आणि किल्ली हातात घेतली.

"पहिल्यांदा विचारतो," ते म्हणाले. "आजच्या भाजणीबद्दल गिरणी आळीतल्या कुणाची तक्रार आहे?"

बायकांनी नकारार्थी माना हलवल्या.

थिबोनं सिबिलाचा दंड धरला. "बोल की," तो कानाशी पुटपुटला. "तो पाव तुझाय. मी सकाळी बघितलाय. यात खोटं काही नाही, अगं, खरंच बोलायचंय."

हेच तर होतं. खरं बोलायचं होतं. सकाळी खोटं बोलताना तिची जीभ अडखळली नव्हती, आणि आता खरं बोलायच्या वेळी ती टाळ्याला चिकटली होती.

"दुसऱ्यांदा विचारतो."

"सिबिला."

"अहो, दंड सोडा. दुखतोय."

तिनं आत बघितलं. भट्टीचं काळं तोंड, तिच्यासमोर डोळे नसलेला म्हातारा, आणि ती पोर. पोरीनं हात पोटाशी घट्ट धरले होते, सुरकुतलेल्या कपड्यावर पिठाचे पंजे उमटले होते. तिला सगळं कळलेलं होतं, सिबिलाला स्पष्ट दिसलं. मोठा पाव कुणाचा, छोटा कुणाचा, एका शब्दानं काय होणार, सगळं. तरी ती हात जोडत नव्हती, मान हलवत नव्हती. नुसती वाट बघत होती.

"तिसऱ्यांदा विचारतो. हा एक पाव राहिलाय. हा कुणाचा?"

"माझा," सिबिला म्हणाली.

ती आत गेली आणि तिनं तो पाव उचलला. हातात आल्यावर तो दिसत होता त्याहूनही हलका निघाला.

"तुझा?" क्लेमांस म्हणाली. "खानावळीतला? एवढासा?"

"एवढासा."

"तक्रार?" ब्रदर ओडिलोंनी विचारलं.

"भट्टीबद्दल नाही. पाव नीट भाजलाय." तिनं गळा साफ केला. "कणीकच माझी बिघडली असेल."

मग जो हशा उसळला तो नदीपलीकडे गेला असेल. पुलावरच्या खानावळीत असं काय काय घालत असतील हो, म्हणूनच मिरी जास्त, कुणीतरी म्हणालं, आणि न्हाव्याच्या अर्ध्या दाढीवाल्या गिऱ्हाइकानं थिबोच्या टोपलीतला पास्ता परत ठेवला. थिबो लाल झाला, पांढरा झाला, पुन्हा लाल झाला. "घरी ये," एवढं म्हणून तो टोपली उचलून निघून गेला. आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करून जेवणार हे सिबिलाला माहीत होतं. नवव्या दिवशी बोलेल. तो काही वाईट माणूस नव्हे.

ब्रदर ओडिलोंनी किल्ली पेरोनेलच्या हातात ठेवली. त्याच वेळी तिकडे देवळात दुपारची प्रार्थना घंटा पुन्हा सुरू करायच्या ओळीपर्यंत पोचली असावी, कारण तीन दिवस मुक्या राहिलेल्या सगळ्या घंटा एकदम घणघणायला लागल्या. पोरं ओरडत सुटली. बायकांनी पाव उंच धरले, एकमेकींना मिठ्या मारल्या, क्लेमांसनं जिलेतलासुद्धा मारली. गर्दी देवळाकडे वाहायला लागली, आणि बघता बघता भट्टीच्या दारात दोघीच उरल्या.

"काकू, हा तुमचा पाव नाही," पेरोनेल म्हणाली.

"माहीत आहे."

"फळी उचलली तेव्हाच वजन कळलं होतं मला. मग का—"

"थांब. आधी माझं ऐक, नाही तर मला पुन्हा धीर होणार नाही." सिबिलानं पाव काखेत धरला. "तुझी आई काढायची ती नक्षी नव्हती. ईस्टरच्या कणकेत सुरीची खूण मिटते. म्हणून ती घट्ट कणकेची वळी लावायची, दरवर्षी, प्रत्येक पावाला. मला माहीत होतं."

घंटा वाजत होत्या. पेरोनेलला नीट ऐकू आलं की नाही असं सिबिलाला वाटलं, पण आलं होतं.

"सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"आळीत इतक्या बायका होत्या. मी तुम्हाला विचारलं."

सिबिलानं दाराच्या चौकटीकडे बघितलं. "मला हे दार हवं होतं," ती म्हणाली. "एवढंच होतं. फार हवं होतं."

आत तिवई सरकल्याचा आवाज झाला. गार्निये तिथंच बसून होता, त्या दोघी विसरल्या होत्या. तो उठून उभा राहिला, पण कुठल्या दिशेला जायचं ते त्याला सुचत नसावं.

"प्रत्येक पावाला?" त्यानं विचारलं.

"हो, भावोजी. प्रत्येक पावाला."

"मी लोकांना सांगत फिरायचो," तो म्हणाला, "की मी भट्टी सांभाळतो आणि आमची बाई दारात गप्पा मारते." हात लांबवून त्यानं दाराची चौकट शोधली, जिथं ती उभी राहायची ती बाजू, आणि तिच्यावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

पेरोनेलनं बापाकडे बघितलं, मग सिबिलाकडे. तिचे डोळे भरले होते पण आवाज कोरडा होता.

"उद्या देवळात मी तुमच्या शेजारी बसणार नाही, काकू."

"नको बसूस."

"राग गेला की सांगेन. केव्हा जाईल माहीत नाही." तिनं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पण मंगळवारी भाजणी आहे. मी एकटी आत बघू की बाहेर? दारात कुणीतरी हवं. आई नुसत्या गप्पाच मारत नव्हती, तर अजून काय काय करत होती ते मला कुठं माहीत आहे? तुम्हाला माहीत आहे. तुम्ही यायचं. आणि मी काही विचारलं तर खरं सांगायचं."

"येईन," सिबिला म्हणाली, आणि आणखी काही बोलले तर रडू फुटेल म्हणून वळली.

आळीत ऊन पडलं होतं. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत बायकांचे घोळके उभे होते, आणि मध्ये म्हातारी बर्तराद तो भला थोरला पाव बाळासारखा धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. सिबिला तिच्या शेजारून गेली तेव्हा म्हातारीनं तिच्या काखेतल्या पावाकडे बघून कळवळून च्च् च्च् केलं.

"सिबिला," क्लेमांसनं दुरून हाक मारली. "खरं सांग, किती अंडी घातली होतीस त्यात? तीन तरी होती का?"

सगळ्या वळून बघायला लागल्या. सिबिलानं मान ताठ केली.

"तीन फोडली होती," ती म्हणाली. "एक थिबोनं उपासात खाल्लं."